शरणपूरची मुले

नाशिकला पाहुणा आला की त्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहाटे रामकुंड, मग काळाराम आणि सीतागुंफा, जेवणानंतर पांडवलेणी, दुसऱ्या दिवशी एस. टी.ने त्र्यंबक, आणि परतताना पिशवीत चिवडा. पाहुणा चौकस असला तर त्याला सुंदरनारायणाचे देऊळही दाखवावे लागते. आणि हल्लीचा तरुण असला तर तो आपण होऊनच इथल्या द्राक्षांच्या दुसऱ्या उपयोगाची चौकशी करतो. पण गेल्या वीस वर्षांत आमच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांपैकी एकानेही "आम्हांला शरणपूर दाखवा" असे म्हटलेले नाही.

शरणपूर रोड मात्र साऱ्यांना ठाऊक असतो. सी. बी. एस.च्या बाजूने पश्चिमेला निघणारा हा रस्ता म्हणजे दवाखाने, बँका, शिकवणीचे वर्ग आणि चष्म्यांची दुकाने. याच रस्त्याला तिबेटी मार्केट आहे. थंडी पडू लागली की आमची सौ. तिथे स्वेटरचे भाव काढायला जाते, आणि आपला देश सोडून आलेल्या त्या बायकांशी अस्सल नाशिकच्या मराठीत घासाघीस करून येते. रस्त्याला ज्या गावाचे नाव आहे, ते गाव शहराने केव्हाच गिळले. एके काळी मात्र ते नाशिकच्या वेशीबाहेर, मैल-दीड मैलावर, शेताच्या कडेला वसवलेले स्वतंत्र खेडे होते.

मी मराठीचा मास्तर असल्यामुळे गावाच्या नावापाशी थबकल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 'शरण' हा शब्द मोठा अवघड आहे. शत्रूला शरण जाणे ही नामुष्की, देवाला शरण जाणे ही भक्ती, आणि एखादा शरण आला तर त्याला पाठीशी घालणे हा धर्म. १८५४च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या इंग्रज पाद्रीसाहेबाने ही वसाहत उभी केली आणि तिला हे नाव ठेवले, तेव्हा त्याच्या मनात तिसरा अर्थ असणार. त्या काळी बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचा वाडा सुटत असे, विहीर सुटत असे, न्हावी-धोबी बंद होत असत. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त हे सारे इतक्या हसऱ्या डोळ्यांनी लिहून ठेवले आहे की त्यातले दुःख आपल्याला पुस्तक मिटल्यावर कळते. अशा माणसांना राहायला घर, करायला काम आणि मुलांना शाळा हवी म्हणून हे शरण-पूर. तिथे सुताराची शाळा होती, लोहाराचा भाता होता, शेती होती.

पाद्रीसाहेब इथे आले ते त्याही आधी. चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे नाशिकला १८३२ साली पडले. त्यांच्याही आधी अमेरिकन मिशनचा गॉर्डन हॉल या बाजूला येऊन गेला होता. तो १८१३ साली मुंबईस उतरला, मराठी शिकला, मराठी नव्या करारासाठी राबला, आणि १८२६च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबककडे फिरून परतत असताना वाटेत पटकीने गेला. त्याच वर्षी तो मराठी नवा करार छापून झाला.

या परदेशी मंडळींच्या मराठी शिकण्याविषयी मला नेहमीच आपुलकी वाटत आली आहे. विशीबाविशीतला पोरगा, मायदेशी जेमतेम प्रशिक्षण झालेले, चार-पाच महिने जहाजात ओकाऱ्या काढून इथे उतरायचा, आणि पहिले काम म्हणजे एखाद्या पंतोजीपुढे मांडी घालून 'ळ' म्हणायचा. मांडीही येत नाही आणि 'ळ'ही येत नाही! भिंत 'ती' का आणि दरवाजा 'तो' का, याला पंतोजीपाशी उत्तर नाही. तसे ते माझ्यापाशीही नाही. धर्म सांगायला आलेल्या माणसाला वर्ष-दोन वर्षे तोंड मिटून फक्त ऐकावे लागे, आणि माझ्या मते या मंडळींच्या हातून झालेले पुष्कळसे चांगले काम या सक्तीच्या मौनातून निघाले. मोल्सवर्थचा कोश त्याच पेठेतला. तो मूळचा लष्करातला माणूस. १८३१ साली निघालेला आणि १८५७ साली वाढवलेला तो कोश आजही आमच्या खोलीत हाताशी लागतो. तीनशे-चारशे वर्षांमागे गेलो तर गोव्यात १५७९ साली उतरलेला इंग्रज फादर स्टीफन्स भेटतो. त्याने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले, आणि त्याच्या मागोमाग एतियेन द ला क्रुआ नावाच्या फ्रेंच पाद्र्याने सेंट पीटरवर तसेच मराठी पुराण लिहून १६२९ साली छापले. फ्रेंच माणसाने मराठी ओवी लिहावी, हे आमच्या एम.ए.च्या मुलांना सांगितले की ती झोपेतून जागी होतात.

पण शरणपुरात भाषा शिकलेले सर्वांत विलक्षण विद्यार्थी गोरे नव्हते. त्यांच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

गेल्या शतकाच्याही मागच्या शतकाच्या मध्यास पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली अरबांची गलबते अरबस्तान, इराणच्या आखाताकडे जात. ती पकडायला इंग्रजांच्या लढाऊ नौका समुद्रात घिरट्या घालत. गलबत पकडले की खालच्या कोठडीतून माणसे निघत, आणि त्यांत मुले फार असत. कारण मूल पळून जात नाही आणि खातेही कमी. आता या सुटलेल्या मुलांचे करायचे काय? त्यांचे गाव समुद्रापासून महिना-महिना वाटेवर. गाव शिल्लक आहे की जळाले याचीही शाश्वती नाही. मग ती मुले मुंबईस आणून उतरवत आणि कुठे कुठे वाटून देत. त्यांतली काही मिशनकडे येत. मुंबईला त्यांच्यासाठी 'आफ्रिकन असायलम' होते. ते १८६०च्या सुमारास घाटावर, शरणपूरला आले.

या कामात एक जर्मन पाद्री होता, कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग. हा गृहस्थ आधी हबसाणात होता. तिथल्या अम्हारिक भाषेचा कोश त्याने १८४१ साली छापला, व्याकरणही लिहिले. तिथून हाकलला गेल्यावर तो मुंबईस आला आणि उतारवयाकडे झुकत असताना मराठीच्या मागे लागला. ज्याला आफ्रिकेत जाता येईना त्याच्यापुढे आफ्रिकाच मुले होऊन येऊन बसली.

आपल्याकडे आफ्रिकी माणूस नवा नव्हता. मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशीच. जंजिऱ्याचा सिद्दी आपण इतिहासात तोंडपाठ केलेला असतो. पण ते तलवारीचे धनी. इथे मात्र आठ-दहा वर्षांची पोरे होती. याओ, न्यासा, मकुआ अशा वेगवेगळ्या लोकांतली. एकाची बोली दुसऱ्याला कळेलच असे नाही. शाळेत इंग्रजी शिकायचे, भोवताली मराठी आणि हिंदुस्थानी ऐकायची. दुपारी हातोडा किंवा रंधा. रविवारी प्रार्थना. मुलींना शिवण आणि स्वयंपाक. नाशिकची थंडी त्यांनी कशी काढली असेल, पहिल्यांदा बाजरीची भाकरी पुढे आली तेव्हा त्यांना आपल्या गावचे धान्य आठवले असेल का, हे मी गोदावरीच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यात उभा राहून पुष्कळदा मनाशी रंगवून पाहतो.

त्यांची नावेही बदलली. बाप्तिस्म्याचे नाव बायबलातले, आणि आडनाव साहेबांचे. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फरार. हा शेवटचा फरार म्हणजे नाशिकच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी एक. सर्वांत गमतीचे नाव 'रटन'. जेम्स रटन, रिचर्ड रटन, बेंजामिन रटन. हे कोणते इंग्रजी आडनाव म्हणून मी बुचकळ्यात पडलेल्या एका इंग्रजीच्या प्राध्यापकमित्राला सांगितले, "अहो, हा आपला रतन! मिशनात रतनजी नवरोजी नावाचे पारशी पाद्री होते, त्यांचा." याओ आईचा मुलगा, पारशी आडनाव, इंग्रजी नाव, आणि पत्ता नाशिक. एवढे प्रवास एका नावात झालेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

प्राइससाहेबांचा हेतू सरळ होता. या मुलांना शिकवून शहाणे करावे आणि त्यांच्याच मुलखात धर्मप्रचारक म्हणून पाठवावे. साहेबाला तिथले हवापाणी मानवत नाही, भाषा येत नाही. या मुलांना दोन्ही उपजत. हिशेब कागदावर बिनचूक होता. त्यात एकच अडचण होती, की मुले भाषा शिकतात तशी विसरतातही. दहा वर्षे जी बोलायला कोणी नाही ती बोली मुलाच्या तोंडातून जाते. धर्मप्रचाराच्या शिक्षणक्रमात इंग्रजी होते, सुतारकाम होते. आईची भाषा शिकवायला शरणपुरात कोण असणार? प्राइस भला माणूस होता, यात मला शंका नाही. पण आसरा देणारा हात आणि नाव पुसणारा हात एकच होता, हेही मला नजरेआड करता येत नाही.

पहिली तुकडी १८६४ साली निघाली. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि त्यांच्यासारखेच शिकलेले आणखी काही जण मोंबासाजवळच्या रबाई या टेकडीवरच्या ठाण्यात पोहोचले. तिथे योहान्स रेबमान नावाचा जर्मन मिशनरी वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा राहून कोश लिहीत बसला होता. पुढे त्याची दृष्टीही गेली. नाशिकहून आलेली ही आफ्रिकी माणसे आफ्रिकेत उतरली तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यांना काय म्हणावे? 'बॉम्बे आफ्रिकन'! कपडे निराळे, खाणे निराळे, बोलणे निराळे. नाशिकला ती हबशी होती, आफ्रिकेत ती मुंबईकर झाली.

त्यांना आता स्वाहिली शिकायची होती. या बाबतीत नाशिकचे शिक्षण थोडेफार तरी कामी आले असेल, असे मला भाषेचा विद्यार्थी म्हणून वाटते. स्वाहिलीत पैशाला 'पेसा' म्हणतात, गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', लाखाला 'लाकी'. साबण म्हणजे 'साबुनी', हिशेब म्हणजे 'हेसाबू', वकील म्हणजे 'वाकिली', मेज म्हणजे 'मेझा'. आणि माणूस भेटला की पहिला प्रश्न 'हाबारी?', म्हणजे आपली खबरच! काही शब्द अरबांनी दोन्ही किनाऱ्यांना वाटले, एखादा पोर्तुगीजांनी, आणि काही कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांनी इकडून तिकडे नेले. म्हणजे बाजारात उभे राहिले की शरणपूरच्या मुलाला निम्मे कळत असणार. पण पैसा, साबण आणि वकील यांच्या पलीकडे जी भाषा असते, जिच्यात आई मुलाला हाका मारते, ती त्याला परक्यासारखी पहिल्यापासून गिरवायची होती.

आता लिव्हिंग्स्टन. या स्कॉटिश प्रवाशाचे नाव आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले असते. तो नाशिकला येऊन गेला होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. १८६४ साली तो आपली छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईस आला. बोट पुढे त्याने विकली, पैसे एका बँकेत ठेवले, आणि शेअरबाजाराच्या त्या प्रसिद्ध पडझडीत बँकेबरोबर पैसेही बुडाले. मुंबईने मोठमोठ्यांना बुडवले आहे! पुढच्या वर्षी तो माणसे जमवायला पुन्हा आला. त्याच वर्षी थळ घाटातून रेल्वे सुरू झाली होती. प्राइसच्या शाळेत येऊन त्याने विचारले, आणि मुलांतली काही जण पुढे झाली. अशी नऊ नाशिककर मुले १८६६च्या जानेवारीत त्याच्याबरोबर मुंबईहून निघाली. सोबत मुंबईच्या पलटणीतले काही शिपाई, उंट, गाढवे, खेचरे, आणि आपल्या इकडच्या म्हशी व एक वासरू! त्सेत्से माशीच्या दंशाला हिंदी म्हैस टिकते का, हे पाहायचे होते. म्हशी टिकल्या नाहीत. शिपाई कंटाळून मागे फिरले. वाटेत घेतलेले जोहाना बेटावरचे लोक पळाले आणि किनाऱ्यावर जाऊन "साहेब मेला" अशी खोटी बातमी त्यांनी उठवली.

मुले मात्र चालत राहिली, आणि चालता चालता आपल्याच मुलखात शिरली. साहेबांच्या रोजनिशीत या भागातला एक प्रसंग आहे. मताका नावाच्या याओ सरदाराच्या गावी गर्दीतून एक माणूस पुढे आला आणि अब्राहमपाशी उभा राहिला. तो त्याचा सख्खा नातलग, काका-मामांपैकी निघाला. त्याने सांगितले, की तुला नेल्यानंतर तुझ्या आईला आणि दोघी बहिणींनाही अरबांना विकले. त्याने पुतण्याला राहून जा म्हणून गळ घातली. अब्राहम नाही म्हणाला. जिथे आई नाही, बहीण नाही तिथे राहून काय करू, असा त्याचा सवाल होता. लिव्हिंग्स्टनने हे चार ओळींत आटोपले आहे आणि पुढे शेती, हवामान असल्या गोष्टींकडे वळला आहे. मला ते पान उलटायला वेळ लागतो. नाशिकहून निघताना त्या मुलाच्या मनात या एका गावाखेरीज दुसरे काय असेल? आणि गाव भेटले तर ते असे भेटले.

लिव्हिंग्स्टन या मुलांवर पुष्कळदा चिडला आहे. आळशी म्हणतो, चोर म्हणतो. काहींनी पुढे त्याची साथ सोडलीही. साहेबांच्या तक्रारीत तथ्य असेलही. पण ताप, उपासमार, चिखल, आणि चालण्याचे कारण काय तर नाईल नदीचा उगम! गोदावरीचा उगम पाहायला त्र्यंबकची सातशे पायऱ्यांची चढण चढताना आमचे पाहुणे तीनदा बसतात. त्या मानाने मुलांनी फार सोसले. १८७० साली सारे सोडून गेले तेव्हा साहेबांबरोबर तिघेच उरले: सूसी, चूमा आणि नाशिकचा एडवर्ड गार्डनर. यांतला चूमा मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत शिकलेला. म्हणजे तोही अर्धा आपलाच. जेम्स १८७१ साली अन्न विकत आणायला निघालेल्यांबरोबर असताना रानात दडलेल्या माणसाच्या बाणाने मेला.

१८७२ साली लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी शरणपूरची आणखी सहा मुले गेली. त्यांत जेकब वेनराइट होता. हाही जन्माने याओ, गलबतातून सोडवलेला. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता उत्तम येई.

१८७३च्या मेच्या आरंभी, आज झांबियात असलेल्या चितांबो सरदाराच्या गावी, पहाटे लिव्हिंग्स्टन खाटेपाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मेलेला आढळला. साठेक माणसे, साहेब मेलेला, समुद्र शेकडो कोस दूर. प्रेत तिथेच पुरून मोकळे व्हायला कोणाची हरकत नव्हती. त्यांनी ठरवले, की साहेबांना त्यांच्या गावी पोहोचवायचे. झांझिबारला डॉक्टराच्या हाताखाली नोकरी केलेल्या एकाने पोट उघडले. केरस फरार मदतीला होता. काळीज आणि आतडी एका पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली, आणि त्या खड्ड्यापाशी जेकबने इंग्रजी प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला. मग झाडाच्या बुंध्यावर त्याने साहेबांचे नाव, तारीख आणि तुकडीतल्या प्रमुखांची नावे कोरली. अक्षरे वळणदार नव्हती म्हणतात. पण ती शरणपूरच्या पाटीवर गिरवलेली अक्षरे होती. ते झाड पुढे १८९९ साली तोडले. अक्षरांचा तुकडा लंडनला जपून ठेवला आहे.

मग मीठ लावून, चौदा दिवस उन्हात सुकवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून ते प्रेत खांद्यावरून निघाले. नऊ महिने चालले. मध्यंतरी लेफ्टनंट कॅमेरॉन नावाचा गोरा अधिकारी भेटला. त्याने इथेच पुरा असा सल्ला दिला. यांनी ऐकले नाही. पुढे एका मुलखातले लोक प्रेत गावातून नेऊ देईनात. तेव्हा यांनी काय केले? गवता-काठ्यांचे एक खोटे प्रेत बांधले आणि "नको तर नको, परत नेऊन पुरतो" असे सांगत काही माणसांनी ते वाजतगाजत माघारी नेले. रानात गेल्यावर ते उधळून टाकून माणसे रातोरात परत आली. खरे प्रेत तोवर कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून व्यापारी मालात जमा झाले होते. शिवाजी महाराजांच्या पेटाऱ्यावर वाढलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

१८७४च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्याला लागले. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी प्रेत ताब्यात घेतले आणि माणसांना पगार देऊन वाटेला लावले. इंग्लंडपर्यंत गेला तो एकटा जेकब, तोही मिशनने भाडे भरले म्हणून. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या दोन्ही बाजूंना जे आठ जण चालले, त्यांत स्टॅनले होता, कर्क होता, आणि जेकब वेनराइट होता. सूसी आणि चूमा मागाहून विलायतेला पोहोचले. अंत्यविधी त्यांना मिळाला नाही. जेकबला काही महिने सभांतून मिरवले, मग परत पाठवले. तो १८९२ साली आजच्या टांझानियातल्या उरांबो इथे वारला.

इकडे झांझिबारच्या सुलतानाशी १८७३ साली तह झाला आणि गुलामांचा उघड बाजार बंद पडला. ही बोलणी करायला मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर गेले होते. मुलांना मुंबईस आणण्याचे कारण उरले नाही. १८७४ साली प्राइससाहेब स्वतः मोंबासाला गेले. समुद्रकाठी नवी वसाहत झाली, तिला फ्रियरटाउन नाव पडले, आणि शरणपूर-मुंबईकडचे शे-दीडशे 'बॉम्बे आफ्रिकन' बायकामुलांसह तिकडे गेले. सुतार, लोहार, शिक्षक, सारेच. शरणपुरातला आफ्रिकी भाग मिटला. फ्रियरटाउनची घंटा जिथे होती त्या भागाला मोंबासात अजून 'केंगेलेनी', म्हणजे घंटेची जागा, म्हणतात.

विल्यम जोन्सचे राहिले. १८८५ साली त्याला आणि सेम्लरला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी दीक्षा देणारा बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला. मागे राहिलेला तांडा जोन्सने सुखरूप परत आणला. पण माझ्या लेखी त्याचे मोठे काम यापेक्षा निराळे. रबाईच्या टेकडीवर तो प्रमुख असताना आसपासच्या अरब आणि स्वाहिली मळेवाल्यांकडून पळालेले गुलाम रात्री-बेरात्री येऊन थांबू लागले. कायद्याने ते दुसऱ्याचा माल. वरून हुकूम असे, की पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नका. मळेवाल्यांशी भांडण नको. जोन्स ठेवून घेत राहिला. झोपड्या वाढत गेल्या. मळेवाले बंदुका घेऊन येण्याची भाषा बोलू लागले, तेव्हा कुठे इंग्रज कंपनीला जाग आली आणि मालकांना दाम मोजून १८८९च्या पहिल्या दिवशी पळून आलेल्यांच्या हाती मुक्ततेचे कागद दिले. असे चौदाशेच्या आसपास लोक होते, त्यांतले बहुतेक रबाईचे. शाळेत शिकवलेले धडे मुले कुठे आणि कसे वापरतील हे मास्तराला कधीच सांगता येत नाही. जोन्सने शरणपुरातले इंग्रजी घेतले, प्रार्थना घेतली, आणि गावाचे नाव तेवढे शब्दशः घेतले.

यांतला मॅथ्यू वेलिंग्टन, लिव्हिंग्स्टनचे प्रेत आणणाऱ्यांपैकी एक, फार जगला. तो मोंबासात १९३५ साली वारला. त्यानंतर वर्षभरातच, १९३६च्या फेब्रुवारीत, लक्ष्मीबाई इकडे नाशिकला गेल्या.

नाशिकला याल तेव्हा एक सकाळ मोकळी ठेवा. सी. बी. एस.वरून रिक्षा करायची गरज नाही, चालत गेलेले बरे. फक्त शरणपूर रोडवर दहाच्या आत पोहोचावे, मग गाड्यांमुळे काही दिसत नाही. सेंट अँड्र्यूज चर्च कुठे म्हणून कोणालाही विचारा. आवारात झाडे आहेत, सावली आहे. मुले बरोबर असली तर त्यांना तिथे बसवून तो खोट्या प्रेताचा भाग सांगा; माझ्या अनुभवाने तो कधी फसत नाही. अब्राहमची गोष्ट थोडी मोठी झाल्यावर. चिवडा घ्यायला मेन रोडला परत यावे लागते, पण तो संध्याकाळपर्यंत मिळतो.